सेटसॉकऑप्टने शून्य परत केलं, तरी पॅकेट का बदललं नाही?

मोजमाप करणाऱ्या यंत्रांकडून नेटवर्कवरून येणारे आकडे गोळा करणारे प्रोग्राम मी लिहिते. यंत्रं यूडीपीवर (पोच न मागता संदेश पाठवायची पद्धत) बोलतात, बरीचशी मल्टिकास्टवर, म्हणजे एकच पॅकेट मागणाऱ्या सगळ्यांना. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी बसवलेला माझा रिसीव्हर सुरू केला की आकडे व्यवस्थित यायचे आणि चारेक मिनिटांनी बंद पडायचे. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की पुन्हा चार मिनिटं चालायचे. मी घड्याळ लावून मोजलं तर दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद, जवळपास सेकंदाबरहुकूम. कोडमध्ये सगळे सेटसॉकऑप्ट (सॉकेटचे, म्हणजे प्रोग्रामच्या नेटवर्क जोडणीचे, पर्याय बदलणारे कॉल) शून्य परत करत होते, म्हणजे एकही चूक नोंदलेली नव्हती. दोन दिवस मी कोडमध्येच शोधत राहिले.

तेव्हापासून एक गोष्ट मी धरून बसले आहे. सेटसॉकऑप्टचं शून्य म्हणजे कर्नलने, प्रणालीच्या गाभ्याने, तुमचं म्हणणं लिहून घेतलं, एवढंच. पॅकेटवर ते उतरलं का आणि पुढच्या राउटरने किंवा स्विचने ते मानलं का, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून मी प्रत्येक पर्याय तीन पायऱ्यांनी लावते: आधी सेट करायचा, मग गेटसॉकऑप्टने परत वाचायचा, आणि शेवटी टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या साधनाने पॅकेटवर डोळ्यांनी पाहायचा. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत, जिथे इतर प्रणाली वेगळं वागतात तिथे तसं सांगते. पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती रोमन कॅपिटल अक्षरांत, याच अधोरेषांसकट लिहायची.

लेव्हल नीट तपासा

सेटसॉकऑप्टला पाच गोष्टी लागतात: सॉकेट, लेव्हल, पर्यायाचं नाव, किमतीचा पॉइंटर आणि त्या किमतीची लांबी. आयपीव्ही४ च्या पर्यायांसाठी लेव्हल आयपीप्रोटो_आयपी, आयपीव्ही६ साठी आयपीप्रोटो_आयपीव्ही६, टीसीपीच्या पर्यायांसाठी आयपीप्रोटो_टीसीपी आणि बफर वगैरे सर्वसाधारण गोष्टींसाठी सोल_सॉकेट. लिनक्सवर सोल_आयपी हे नावही चालतं, पण ते सगळीकडे मिळत नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

लेव्हल चुकली तर कंपायलर काही बोलत नाही, कारण ही सगळी नावं म्हणजे शेवटी पूर्णांक. नेहमीच्या लिनक्स मशिनवर आयपी_टीटीएलचा (पॅकेट किती लांब जाईल ते ठरवणारा पर्याय) क्रमांक २ आहे, आणि सोल_सॉकेट लेव्हलमध्ये २ म्हणजे एसओ_रियूजअ‍ॅडर. टीटीएल ८ करायला गेलात आणि लेव्हलच्या जागी सोल_सॉकेट लिहून बसलात, तर कॉल शून्यच परत करेल. टीटीएल होता तसाच राहील आणि पत्ता पुन्हा वापरायची परवानगी मात्र न मागता मिळून जाईल. गेटसॉकऑप्टने परत वाचतानाही तीच चुकीची लेव्हल कॉपी केली असेल तर ८ च्या जागी १ दिसतो, आणि आकडा नीट जुळवून पाहिला नाही तर तिथेही ही चूक निसटते. पॅकेट पाहायची तिसरी पायरी अशाच वेळी कामी येते.

लांबीचंही एक पथ्य आहे. लिनक्स बहुतेक आयपी पर्यायांसाठी पूर्ण इंट घेतो आणि एक बाइटही घेतो. बीएसडी घराण्यात आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल आणि आयपी_मल्टिकास्ट_लूप हे दोन पर्याय मुळात एका बाइटचे आहेत. या दोघांसाठी मी अनसाइन्ड कॅर वापरते, म्हणजे तोच कोड लिनक्सवर आणि तिकडेही चालतो.

टीटीएल: दोन वेगळे आकडे

आयपी_टीटीएल म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकेल त्याची मर्यादा. लिनक्सवर मुळात ६४ असते. १ ते २५५ मधला कुठलाही आकडा देता येतो, आणि -१ दिलं तर प्रणालीचा मूळ आकडा परत लागतो.

नवख्या सहकाऱ्यांना मी पहिल्यांदा हे सांगते: आयपी_टीटीएलचा मल्टिकास्ट पॅकेटांवर काहीही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल हा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो मुळात १ असतो. १ म्हणजे पॅकेट पहिल्या राउटरपलीकडे जाणार नाही. ही मर्यादा मुद्दाम घातलेली आहे आणि ती योग्यच आहे, नाहीतर कोणाचाही चाचणीचा प्रोग्राम नेटवर्कभर पसरला असता. पण "माझ्या टेबलावर चालतं, पलीकडच्या सबनेटमध्ये पोहोचत नाही" ही तक्रार आली की मी आधी हाच आकडा विचारते. उत्तर बहुतेक वेळा "टीटीएल ३२ लावलाय की" असं येतं, आणि कोड उघडला की लावलेला असतो आयपी_टीटीएल. आकडा वाढवल्यावरही मधल्या राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग चालू असावं लागतं. ते सॉकेटच्या हातात नाही.

टीटीएलचा एक उपयोग फारसा कोणी करत नाही, आणि मला तो मनापासून आवडतो. पाठवणाऱ्याने टीटीएल २५५ लावायचा आणि घेणाऱ्याने आयपी_मिनटीटीएल हा पर्याय २५५ करायचा. प्रत्येक राउटर टीटीएल एकाने कमी करतो, त्यामुळे २५५ घेऊन पोहोचलेलं पॅकेट शेजारच्याच मशिनकडून आलेलं असणार. टीसीपी सॉकेटवर लांबून कोणी खोटं पॅकेट पाठवलं तर कर्नलच ते टाकून देतो. लिनक्सवर यूडीपीसाठी मात्र कर्नल हे तपासत नाही, तिथे आलेला टीटीएल प्रोग्रामनेच बघावा लागतो. २००७ च्या आरएफसी ५०८२ या इंटरनेटच्या दस्तऐवजात ही पद्धत लिहून ठेवली आहे आणि बीजीपी (एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) चालवणारे राउटर ती वापरतात. एकाच सबनेटमध्ये टीसीपीवर बोलणाऱ्या यंत्रांसाठी दोन ओळींत एवढं संरक्षण मिळत असेल तर ते का सोडायचं?

आलेल्या पॅकेटचा टीटीएल प्रोग्राममध्ये बघायचा असेल तर आयपी_रिसीव्हटीटीएल चालू करा आणि रिसीव्हएमएसजीने कंट्रोल मेसेज, म्हणजे पॅकेटबरोबर येणारी जादा माहिती, वाचा. कोडमध्ये या नावात रिसीव्ह हा शब्द आखूड करून चारच अक्षरांत लिहितात, आणि कंट्रोल मेसेजचा प्रकार आयपी_टीटीएल असा येतो.

टीओएस: ४६ की १८४?

आवाज, नियंत्रणाचे संदेश असल्या घाईच्या पॅकेटांना नेटवर्कने प्राधान्य द्यावं म्हणून आयपी_टीओएस लावतात. या एका बाइटमध्ये वरचे सहा बिट डीएससीपीचे (प्राधान्याचा वर्ग) आणि खालचे दोन ईसीएनचे (वाटेतल्या गर्दीची खूण). ही वाटणी माहीत नसली की घोळ होतो.

नेटवर्क सांभाळणारी माणसं म्हणतात, "ईएफ लावा (हा घाईच्या पॅकेटांचा वर्ग), डीएससीपी ४६." आपण कोडमध्ये ४६ लिहितो. पण ४६ हा सहा बिटांमधला आकडा आहे. पर्यायात पूर्ण बाइट द्यायचा असतो, म्हणून तो दोन बिट डावीकडे सरकवायचा, म्हणजे चारने गुणायचा: १८४. नुसते ४६ दिलेत तर वरच्या सहा बिटांत ११ जातात आणि खालच्या दोन बिटांत २. म्हणजे यूडीपी पॅकेट भलत्याच वर्गात निघतं, वर ईसीएन समजतो असा निरोपही घेऊन जातं. कॉल अर्थातच शून्य परत करतो. परत वाचलं तर ४६ च दिसतात आणि सगळं बरोबर वाटतं! टीसीपीडम्पला व्ही पर्याय देऊन चालवा. टीओएसपुढे हेक्समध्ये बी८ दिसलं तर बरोबर, २ई दिसलं तर गुणायचं राहिलं. टीसीपी सॉकेटवर लिनक्स खालचे दोन बिट तुम्हाला बदलू देत नाही, ते स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे तिथे आकडा आणखी वेगळा दिसू शकतो.

आयपीव्ही६ वर हेच काम आयपीव्ही६_टीक्लास करतो. एकाच आयपीव्ही६ सॉकेटवर दोन्ही प्रकारचे क्लायंट घेत असाल तर दोन्ही पर्याय लावा, कारण आयपीव्ही४ ने आलेल्या क्लायंटला जाणाऱ्या पॅकेटवर टीओएसचाच आकडा बसतो. विंडोजवर आयपी_टीओएसवर विसंबू नका, तिथे त्यासाठी वेगळी क्यूओएस व्यवस्था आहे. आणि मधला राउटर ही खूण पुसून टाकू शकतो, म्हणून टीसीपीडम्प दोन्ही टोकांना चालवा.

पॅकेट किती मोठं?

इथरनेटचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० बाइट. त्यातून आयपीचं हेडर २० आणि यूडीपीचं ८ वजा केलं की १४७२ बाइट उरतात. आयपीव्ही६ चं हेडर ४० चं, म्हणून तिथे १४५२. याहून मोठा संदेश पाठवला तर तो तुकड्यांत जातो, आणि एक तुकडा हरवला की सगळा संदेश गेला. आमच्या एका यंत्राचा संदेश दोन हजार बाइटच्या आसपास होता. टेबलावर कधी अडला नाही, पण वाटेत टनेल आलं आणि मोठे संदेश गायब होऊ लागले. छोटे मात्र पोहोचत होते. लक्षण असं दिसलं की मी आता सरळ एमटीयूकडे वळते.

करायचं असं. यूडीपी सॉकेट कनेक्ट करून घ्या. आयपी_एमटीयू_डिस्कव्हर या पर्यायाला आयपी_पीएमटीयूडिस्क_डू ही किंमत द्या. आता प्रत्येक पॅकेटवर "तुकडे करू नका" हा बिट बसेल. इंटरफेसच्या एमटीयूपेक्षा मोठा संदेश असेल तर सेंड लगेच ईएमएसजीसाइझ ही चूक देईल. अरुंद जागा वाटेत पुढे कुठे असेल, तर पहिला सेंड यशस्वी झाल्यासारखा दिसेल, मग त्या राउटरकडून आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप येईल, आणि पुढच्या कॉलवर तुम्हाला चूक कळेल. म्हणजे पहिला संदेश हरवणार हे गृहीत धरूनच कोड लिहा. चूक आली की गेटसॉकऑप्टने आयपी_एमटीयू वाचा, त्यातून २८ वजा करा, आणि संदेश तेवढ्यात बसवून पुन्हा पाठवा. आयपी_एमटीयू फक्त कनेक्ट केलेल्या सॉकेटवरच वाचता येतो.

वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी अडवलं असेल तर ही सगळी युक्ती मुकी होते. निरोपच येत नाही, संदेश नुसते हरवत राहतात. संदेशाची रचना तुमच्या हातात असेल तर मी स्वच्छ सांगेन की १२०० बाइटच्या आत राहा. क्विक प्रोटोकॉलनेही हाच आकडा धरला आहे: ज्या वाटेवरून १२०० बाइटचा यूडीपी संदेश अखंड जात नाही, त्या वाटेवर तो चालतच नाही. दोन हजारांचा तो संदेश मी शेवटी दोन भागांत पाठवायला लागले आणि तक्रार संपली.

उत्तर कोणत्या पत्त्यावरून जातं?

एका मशिनला तीन पत्ते आहेत आणि यूडीपी सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्याच पत्त्यांवर, बाइंड केलेला (जोडलेला) आहे. क्लायंटने दुसऱ्या पत्त्यावर विचारलं. सर्व्हरने साध्या सेंडटूने उत्तर दिलं, तर मूळ पत्ता कोणता टाकायचा हे कर्नल राउटिंग टेबल बघून ठरवतो आणि कदाचित पहिला पत्ता टाकतो. क्लायंटने आपलं सॉकेट कनेक्ट केलेलं असेल तर तो अनोळखी पत्त्यावरचं हे उत्तर घेतच नाही. सर्व्हरच्या नोंदीत "उत्तर दिलं", क्लायंटच्या नोंदीत "उत्तर आलं नाही", आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

यावर उपाय आयपी_पीकेटीइन्फो. तो चालू करून रिसीव्हएमएसजी वापरलं की प्रत्येक पॅकेटबरोबर एक छोटी रचना येते: कोणत्या इंटरफेसवर आलं, आपला कोणता पत्ता लागला, हेडरमध्ये कोणता पत्ता होता. उत्तर देताना सेंडएमएसजीला तीच रचना द्या. आयपीआय_स्पेक_डीएसटी मधला पत्ता उत्तराचा मूळ पत्ता होतो. इंटरफेसचा क्रमांक मी शून्य करते, म्हणजे वाट राउटिंग टेबलच ठरवतं. कंट्रोल बफरची जागा सीएमएसजी_स्पेसने मोजून घ्या. बफर अपुरा पडला तर चूक येत नाही, फक्त एमएसजी_सीट्रंक हा झेंडा लागतो आणि माहिती कापली जाते.

मल्टिकास्ट, आणि त्या चार मिनिटांचं उत्तर

रिसीव्हरचा माझा क्रम ठरलेला आहे. सॉकेट उघडायचं, एसओ_रियूजअ‍ॅडर लावायचा, बाइंड करायचं, मग आयपी_अ‍ॅड_मेंबरशिपने गटात सामील व्हायचं. रियूजअ‍ॅडर बाइंडनंतर लावून उपयोग नाही.

सामील होताना इंटरफेस स्वतः सांगा. आयपी_एमरेकएन या रचनेत इंटरफेसचा क्रमांक देता येतो. कोणताच दिला नाही तर कर्नल राउटिंग टेबलकडे बघून निवडतो, आणि दोन नेटवर्क कार्डं असलेल्या मशिनवर ती निवड हमखास चुकलेली मी पाहिली आहे. गटाकडे जाणारी वाटच टेबलात नसेल तर ईएनओडिव्ह, म्हणजे "असं उपकरण नाही" ही चूक येते. तो निरोप वाचून लोक कार्ड तपासायला धावतात, तर दोष वाटेचा असतो. एका सॉकेटवर मुळात २० गटच चालतात. त्यापुढे ईएनओबफ्स येतं, आणि ही मर्यादा आयजीएमपी_मॅक्स_मेंबरशिप्स या सिस्टीमच्या सेटिंगने वाढते. पाठवणाऱ्या बाजूला इंटरफेस आयपी_मल्टिकास्ट_आयएफने सांगायचा. तो सामील होण्याशी जोडलेला नाही, वेगळाच लावावा लागतो.

लिनक्सवर आणखी एक वागणूक अशी की सॉकेट ०.०.०.० वर बाइंड असेल, तर त्याच मशिनवर दुसऱ्या प्रोग्रामने जे गट घेतले असतील त्यांची पॅकेटंसुद्धा, पोर्ट तोच असला की, तुमच्याकडे येतात. एकदा एका यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या तक्त्यात शिरलेले पाहून मी घाबरले होते. आयपी_मल्टिकास्ट_ऑल शून्य करा, मग फक्त या सॉकेटने मागितलेले गट येतील. किंवा थेट गटाच्या पत्त्यावर बाइंड करा, पण ते विंडोजवर चालत नाही. आयपी_मल्टिकास्ट_लूपबाबतही विंडोज वेगळा आहे. आपलंच पॅकेट आपल्याला परत यावं की नाही हे युनिक्सवर पाठवणाऱ्या सॉकेटवर ठरतं, विंडोजवर घेणाऱ्या.

आता ती चार मिनिटं वीस सेकंदं. म्हणजे २६० सेकंद. आयजीएमपी म्हणजे गट मागायचे संदेश. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं: कोणत्या पोर्टवर कोणी गट मागितला आहे हे स्विच ऐकून ठेवतो आणि फक्त तिथेच पॅकेटं सोडतो. माझ्या प्रोग्रामने सामील होताना एकदा "मला हवं" असं सांगितलं, ते स्विचने टिपलं. पण ही नोंद ताजी राहण्यासाठी नेटवर्कवर कोणीतरी अधूनमधून "अजून कोणाला हवं आहे का?" असं विचारावं लागतं. त्याला क्वेरियर म्हणतात, आणि तिथे तो नव्हताच. प्रश्नांमधलं नेहमीचं अंतर १२५ सेकंद, त्याची दुप्पट २५०, वर उत्तरासाठी १० सेकंद. २६० सेकंदांत कोणी पुन्हा मागितलं नाही की स्विच नोंद पुसतो. कर्नलच्या लेखी मात्र मी गटात होतेच. आयपी एमअ‍ॅडर शो ही आज्ञा तसंच दाखवत होती, आणि तीही खोटी नव्हती. स्विचवर क्वेरियर चालू केल्यावर रिसीव्हर रात्रभर अखंड चालला. कोडमधली एकही ओळ बदलावी लागली नाही.

अशा वेळी टीसीपीडम्प चालवताना त्याला पी पर्याय द्या. तो न दिल्यास टीसीपीडम्प कार्डाला येईल ते सगळं घ्यायला लावतो, आणि एरवी न पोहोचणारी पॅकेटं दिसून फसगत होते. उलटही घडतं: टीसीपीडम्पमध्ये पॅकेट दिसतं, प्रोग्रामला मिळत नाही. तेव्हा आरपी_फिल्टर, म्हणजे परतीची वाट तपासणारी कर्नलची गाळणी, तपासा. पाठवणाऱ्याकडे परत जायची वाट दुसऱ्या इंटरफेसवरून असेल तर कडक आरपी_फिल्टर ते पॅकेट टीसीपीडम्पच्या पुढच्या पायरीवर टाकून देतो. फायरवॉलही तिथेच अडवते.

रिसीव्हर मल्टिकास्टचा असेल तर एसओ_रिसीव्हबफही (आलेली पॅकेटं साठवणारा बफर) बघा, जरी तो आयपी लेव्हलचा नसला तरी. मी ४ एमबी मागते. परत वाचल्यावर ४२५९८४ दिसले तर समजायचं की आरमेम_मॅक्स, या बफरची सिस्टीमने घातलेली मर्यादा, अजून २१२९९२ वर आहे. कर्नलने मागणी तिथवर छाटली आणि मग हिशेबासाठी दुप्पट केली. शून्य परत करूनच.

आयपीव्ही६

इथे नावं बदलतात: आयपीव्ही६_युनिकास्ट_हॉप्स, आयपीव्ही६_मल्टिकास्ट_हॉप्स, आयपीव्ही६_जॉइन_ग्रुप. सामील होताना इंटरफेस नेहमी क्रमांकानेच द्यायचा असतो, आणि ते चांगलं आहे. आयपीव्ही६_व्ही६ओन्ली (फक्त आयपीव्ही६ घ्यायचं की आयपीव्ही४ सुद्धा) मात्र प्रत्येक सॉकेटवर स्वतः लिहा, शून्य हवं असो की एक. लिनक्सवर तो मुळात बंद असतो, विंडोजवर चालू, आणि लिनक्सवर सिस्टीमचं एक सेटिंग तो उलटाही करू शकतं. बाइंडच्या आधी लावा, नंतर लावला तर लिनक्सवर ईइन्व्हॅल येतं.

कोड दुसऱ्याचा असेल आणि उघडून बघता येत नसेल, तर एसट्रेसला (प्रोग्राम कर्नलला करतो ते कॉल दाखवणारं साधन) फक्त सेटसॉकऑप्ट आणि गेटसॉकऑप्ट हे दोन कॉल दाखवायला सांगून तो प्रोग्राम सुरू करा. लेव्हल, नाव, किंमत, लांबी आणि परतीचा आकडा, सगळं ओळीने समोर येतं. सोल_सॉकेटच्या शेजारी ८ किंवा ६४ असला टीटीएलसारखा आकडा दिसला, तर वर सांगितलेली लेव्हलची चूक तिथेच पकडता येईल.